स्वेच्छानिवृत्तीची रक्कम पुरेशी केव्हा?

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कारखाना बंद करण्यास वा कामगार कमी करण्यास सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यापासून लागू होते, ते आता तीनशेंपासून लागू झाले आहे. वाळूजच्या पगारावर ज्यांची चूल पेटते अशी घरे कन्नड तालुक्यात थोडी नाहीत. ‘आज घ्या, नाही तर उद्या याहून कमी मिळेल’ या मालकाच्या वाक्यास या बदलाने धार आली आहे, हे त्या घरांनी ओळखले पाहिजे.

ही रक्कम पुरेशी केव्हा म्हणावी? २०१९ साली भारत संचार निगमने पन्नाशी गाठलेल्या कर्मचाऱ्यांपुढे योजना ठेवली : झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षास ३५ दिवसांचे व उरलेल्या प्रत्येक वर्षास २५ दिवसांचे वेतन. ७८,५६९ जणांनी ती पत्करली. समजा, एखाद्याचे वेतन ४० हजार, सेवा २५ वर्षे आणि निवृत्तीस १० वर्षे अवकाश आहे. या सूत्राने त्यास ११२५ दिवसांचे, म्हणजे १५ लाख रुपये मिळतील. सोडावयाचे वेतन मात्र ४८ लाखांचे. सात टक्के व्याज धरले तरी महिना पावणेनऊ हजारच हाती येतात. निगमच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना मागे सरकारी निवृत्तिवेतनाचा आधार होता. खासगी कामगाराचे भविष्य निर्वाह निधीतील निवृत्तिवेतन महिना साडेसात हजारांपलीकडे क्वचितच जाते आणि पूर्ण दराने मिळते तेही अठ्ठावन्नाव्या वर्षी. सूत्र तेच, पण माणूस वेगळा!

याहून मोठी फसगत बेरजेत असते. ‘वीस लाख’ असा आकडा सांगितला जातो आणि त्यात ग्रॅच्युइटी गुपचूप मिसळलेली असते. वरील कामगाराची ग्रॅच्युइटी सुमारे पावणेसहा लाख होते. ती त्याने कष्टाने मिळविलेली आहे, नोकरी सोडण्याची किंमत नव्हे. भविष्य निर्वाह निधी तर त्याचाच पैसा. हे दोन्ही वजा करून उरेल तेवढाच मालकाचा देकार समजावा.

‘गावी शेत आहे’ हा कन्नडकरांचा धीर आम्ही जाणतो. परंतु मका, कपाशी वा आले यांचे उत्पन्न पावसावर आणि बाजारभावावर झुलते. आजवर त्या शेतीचे बियाणे व खत पगारातूनच येत होते, याचा विसर पडतो. शिवाय एकरकमी पैसा घरात आला की लग्न, प्लॉट आणि विंधनविहीर एकाच वेळी दारात उभी राहतात.

तथापि प्रत्येक देकार नाकारावा असे आमचे म्हणणे नाही. राज्य सहकारी बँकेने कर्जवसुलीसाठी येथील सहकारी साखर कारखाना लिलावात काढला, हे तालुक्याने पाहिले आहे. धंदाच बुडत असेल तर तुलना उरलेल्या वेतनाशी नव्हे, कायद्याच्या किमान भरपाईशी करावी. ती वर्षाला १५ दिवस, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे पाच लाख. अशा वेळी पंधरा लाख घेणे शहाणपणाचे. मात्र धंदा तेजीत असून केवळ कायम कामगार काढून कंत्राटी घ्यावयाचे असतील, तर ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ मालकाची इच्छा एवढाच राहतो आणि तेथे पंधरा लाखही अपुरे आहेत.

निगमने विचारास ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ अशी मुदत दिली होती. निदान एवढे दिवस प्रत्येक कामगारास मिळावेत, हिशेबाचा मराठी कागद ग्रॅच्युइटीचा वेगळा रकाना आखून त्याच्या हाती द्यावा आणि तो घरी नेऊन मुलाबाळांत वाचण्यापूर्वी कोणाचीही सही घेऊ नये. कामगार संघटनांनी ही मागणी योजना जाहीर होण्याआधीच लेखी करावयास हवी.