चर बुजण्याआधी पाइपाची नाडी बघा



२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले आणि गावोगाव पाइपलाइनचे चर खणले गेले. विहिरीवरून, नदीवरून स्वखर्चाने शेतात पाणी नेणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. अनेकांचा पाइप एचडीपीईचा, म्हणजे काळ्या प्लॅस्टिकचा. तो गंजत नाही, वाहायला हलका. पण त्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही. पाइपाच्या जाडीत हवेची पोकळी राहिलेली असते, सांधा एका बाजूने नीट वितळलेला नसतो, आणि वरून मात्र सगळे गुळगुळीत! त्यावर माती पडली की झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडते पंप सुरू झाल्यावर. तोवर ठेकेदाराचे बिल निघालेले असते.

हा दोष वेळीच पकडायला मदत करणारे एक साधन आहे, थर्मल कॅमेरा. प्रत्येक वस्तूतून तिच्या उष्णतेप्रमाणे न दिसणारे किरण बाहेर पडतात. विल्यम हर्शल यांनी ते १८०० साली शोधले. हा कॅमेरा त्या किरणांचे चित्र काढतो आणि अंशाच्या दहाव्या भागाइतका फरकही रंगाने दाखवतो. विजेचे ढिले, तापलेले जोड शोधायला तो वापरतातच.

पाइपावर तो चालतो कसा? तव्यावरची भाकरी आठवा. जिथे फुगा येतो तिथे पापुद्र्याखाली हवा असते. हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही, म्हणून तव्याला टेकलेला तो पापुद्रा आधी करपतो. पाइपाचेही तसेच आहे. बाहेरून गरम हवा मारली, तर पोकळीवरची जागा जास्त वेळ गरम राहते. आतून गरम पाणी सोडले, तर तीच जागा थंड दिसते.

त्याहून मोठा उपयोग सांधा करताना होतो. हीटरची पाटी साधारण २१० अंशांपर्यंत तापवून दोन्ही टोके वितळवतात आणि एकमेकांवर दाबतात. पाटी काढल्याबरोबर कॅमेरा धरला, तर टोक चारी बाजूंनी सारखे तापले की वाऱ्याने एक बाजू गार राहिली, हे तिथल्या तिथे कळते.

पण कॅमेरा म्हणजे जादू नव्हे, बरं का. तीन फूट मातीखालच्या पाइपाची भिंत त्याला दिसत नाही. उन्हात तापलेला काळा पाइप आणि त्यावरची सावली त्याला फसवू शकते, म्हणून तपासणी सकाळी किंवा सावलीत करावी. शिवाय दोन टोके नुसती चिकटली असतील, मध्ये पोकळी नसेल, तर असा कच्चा सांधा कॅमेऱ्यातून निसटू शकतो. म्हणून पाण्याच्या दाबाची चाचणी कधीही सोडू नका.

हे सगळे कशासाठी? मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. गळती झाली की टाकीजवळच्या घरांना पाणी मिळते आणि शेवटची वस्ती कोरडी राहते. पंप जास्त तास चालतो, वीजबिल वाढते, आणि ते भरायचे तुमच्या पाणीपट्टीतून. पाणी बंद असताना त्याच भोकातून गटाराचे पाणी आत शिरते, ते वेगळेच.

तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. तालुक्याला निदान एक कॅमेरा आणि तो वापरणारा शिकलेला माणूस हवा, गावांनी आळीपाळीने तो बोलवावा. तोपर्यंत जे हातात आहे ते तरी करा. पाइपावर आयएस ४९८४ चा छाप आणि दाबाचा वर्ग वाचून घ्या. सांध्याची कड दोन्ही बाजूंना, सगळीकडून सारखी उमटली का ते बोट फिरवून पाहा. गरम सांध्यावर पाणी ओतून घाई करणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा. दाबाची चाचणी पाणीपुरवठा समितीसमोर, सांधे उघडे असतानाच घ्या, आणि तिची नोंद झाल्याशिवाय चर बुजवू देऊ नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही अट ठरावात लिहून घ्यावी.

माती टाकायला एक दिवस लागतो, उकरून काढायला हंगाम जातो. सही करण्याआधी एकदा चरात उतरून बघा.