कानाच्या टोकावरचा थेंब

खानापूर तालुक्यातल्या आमच्या आत्याची जर्सी गाय गेल्या श्रावणात दगावली. अंगात १०६ अंश ताप, वैरण बंद, डोळ्यांतून पाणी. गावातलाच एकजण रोज ताप उतरण्याची सुई टोचून जाई. संध्याकाळी ताप उतरे, सकाळी पुन्हा चढे. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी पशुवैद्य आले. त्यांनी आधी गाईच्या खांद्यापुढची गाठ चाचपली. ती पेरूएवढी सुजली होती. मग कानाच्या टोकाला टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरला. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तांबड्या पेशींत थायलेरिया सापडला. म्हणजे गोचीड ताप. बुपार्व्हाकोनचे इंजेक्शन लगेच मानेत दिले, पण हे औषध लवकर पडले तरच गुण देते. गाईच्या अंगात रक्तच उरले नव्हते.

"गाईचंपण रक्त तपासायचं असतंय काय रे?" आत्याने मला विचारले. मी मराठी शिकवणारा माणूस, मला तरी कुठे ठाऊक होते!

महिन्याभराने शेजारच्या अज्जींच्या गाईला ताप आला आणि लघवी कॉफीसारखी झाली. अंगावर गोचीड होतेच. अज्जी त्याला उण्णी म्हणतात. "आमच्या गाईला दिलेलंच औषध द्या," आत्या म्हणाली. पशुवैद्य म्हणाले, "मोदलु रक्त नोडोण." आधी रक्त बघू.

बरे झाले बघितले. या वेळी तांबड्या पेशींत थेंबाच्या आकाराचे जोडजंतू होते, बबेसियाचे. थायलेरिया आधी गाठींतल्या पांढऱ्या पेशींत वाढतो, म्हणून गाठी सुजतात. बबेसिया थेट तांबड्या पेशी फोडतो, म्हणून लघवी लाल. दोन्ही गोचिडामुळेच, पण एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. इथे डिमिनाझिन दिले आणि अज्जींची गाय वाचली. (गोचीड हा लाल लघवीचा रोग पसरवतो हे अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ सालीच दाखवून दिले होते.)

आत्याने आता गोठ्याच्या भिंतींच्या भेगा लिंपून घेतल्या आहेत. थायलेरियाचा गोचीड जनावरावरून उतरून तिथेच दडतो. नवी गायही आणली, पुन्हा संकरितच. देशी गाई हा ताप जास्त सोसतात, खिल्लार घे, असे मी सुचवले होते.

"मग डेअरीला दूध कोण घालणार, तू?" ती म्हणाली.