प्रश्न नापास करण्याचा की शिकवण्याचा?

नवी दिल्ली : शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण ठरणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आदी केंद्राच्या शाळांना हा नियम लागू आहे. २०१९ च्या कायदादुरुस्तीने राज्यांना यासंबंधीचा अधिकार आधीच दिला होता. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी त्याचा वापर केला. तामिळनाडूने मात्र जुनेच धोरण कायम ठेवले. नापास करावे की करू नये, या वादात मुले मागे का पडतात हा मूळ प्रश्न बाजूला पडण्याची शक्यता आहे.

ग्रामीण भागातील मुलांच्या पाहणीवर आधारित ‘असर २०२४’ या अहवालानुसार तिसरीतील केवळ २७.१ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. पाचवीत हे प्रमाण ४८.८ टक्के आहे. म्हणजेच पाचवीची परीक्षा येईपर्यंत निम्म्याहून अधिक मुले किमान तीन इयत्ता मागे असतात. ही तूट पहिली-दुसरीतच निर्माण होते आणि पुढे दरवर्षी वाढत जाते. अक्षरओळख पक्की नसलेल्या मुलासमोर पाचवीचे पुस्तक पुन्हा वर्षभर ठेवले, तर त्याच्या हाती नवे काही लागण्याची शक्यता कमी. उलट, शाळा सोडण्याचा धोका वाढतो.

याचा अर्थ आपोआप वरच्या वर्गात ढकलणे हाच उपाय आहे, असा नव्हे. मूळ कायद्यात अनुत्तीर्ण न करण्याच्या तरतुदीसोबत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन अपेक्षित होते. अनेक शाळांत ते नोंदवह्या भरण्यापुरते उरले. हरियाणातील सरकारी शाळांत २०१२-१३ मध्ये झालेल्या अभ्यासात या मूल्यमापनाचा मुलांच्या प्रगतीवर परिणाम आढळला नाही. त्याच अभ्यासात दुसरा प्रयोगही झाला. दिवसातील एक तास मुलांचे गट इयत्तेनुसार न पाडता वाचनाच्या पातळीनुसार पाडण्यात आले. शिकवणारे नेहमीचेच सरकारी शिक्षक होते. तेथे मुलांच्या हिंदी वाचन-लेखनात स्पष्ट सुधारणा दिसली. शिक्षक तेच, मुलेही तीच. बदलले ते वेळेचे नियोजन, शिकवण्याचे उद्दिष्ट आणि शाळेला मिळणारे शैक्षणिक पाठबळ.

‘प्रथम’ संस्थेने विकसित केलेल्या या पद्धतीचे मर्म साधे आहे : पाठ्यपुस्तक कोठवर आले, यापेक्षा मूल कोठवर आले, हे आधी पाहायचे. व्यवस्था मात्र शिक्षकाकडून अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा हिशेब मागते. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील आणि त्यातच अशैक्षणिक कामांची भर पडत असेल, तर मागे पडलेल्या मुलासाठी वेळ उरत नाही. त्यामुळे केवळ प्रशिक्षणाने बदल घडणार नाही. वेळापत्रक आणि तपासणीचे निकषही बदलावे लागतील.

आशादायक चिन्हेही आहेत. सरकारी शाळांतील तिसरीच्या वाचनक्षम मुलांचे प्रमाण २०२२ मधील १६.३ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर गेले. २०१८ मध्ये, म्हणजे कोरोनापूर्वी, ते २०.९ टक्के होते. त्यामुळे ही वाढ केवळ नुकसानभरपाई म्हणता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने पायाभूत साक्षरता व अंकज्ञानाला प्राधान्य दिले, त्याचा यात वाटा असू शकतो. तरीही सरकारी शाळांतील चारपैकी तीन मुले अद्याप या टप्प्यापर्यंत पोहोचलेली नाहीत आणि अभियानाची मुदत २०२६-२७ पर्यंतच आहे.

नव्या नियमांतील महत्त्वाचा भाग नापास करण्याचा नाही. अनुत्तीर्ण मुलाला अतिरिक्त अध्यापन देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षा घेणे, त्याच्या उणिवा शोधून मार्गदर्शन करणे आणि आठवीपर्यंत कोणालाही शाळेतून न काढणे, या जबाबदाऱ्या नियमांनी शाळेवर टाकल्या आहेत. त्यासाठी शिक्षक, वेळ व साधने मिळाली, तर परीक्षा निदानाचे काम करील. ती न मिळाल्यास व्यवस्थेच्या अपयशाची नोंद मुलाच्या गुणपत्रिकेवर होईल.