ओंडका, डबा आणि चाकावरची आरागिरणी

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर काय केले, हे श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरुड, अलिबाग या भागातल्या कुठल्याही घराला सांगावे लागत नाही. छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले. पण वाडीवाल्या माणसाच्या मनात राहिली ती झाडे. सुपारीचे बाग एका दुपारी झोपले. आजोबांच्या हातचे फणस आणि आंबे मुळांसकट उलटले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि उरल्यासुरल्यांतली काही झाडे घेऊन गेले.

त्या दिवसांत सगळ्यांना घाई होती ती वाट मोकळी करण्याची. चांगल्या चांगल्या ओंडक्यांचे तुकडे झाले आणि ते चुलीत गेले, नाहीतर मिळेल त्या भावात टेम्पोत चढले. कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. छप्पर नसलेल्या घरात बसून फळ्यांचा विचार कोण करणार? पण साठ-सत्तर वर्षांच्या फणसाचा पिवळाधमक गाभा जळणात जाताना ज्यांनी पाहिला, त्यांपैकी काही जणांच्या डोक्यात तेव्हापासून एक किडा शिरला आहे. आमच्याही घरात तो शिरला. आपल्या वाडीत पडलेले झाड आपल्याच अंगणात चिरता आले तर?

अशी यंत्रे जगात आहेत. एक प्रकार अगदी साधा. झाड तोडायच्या चेनसॉला लोखंडी चौकट जोडायची आणि ओंडक्यावर शिडी किंवा सरळ पट्टी आधाराला ठेवून लांबीने फळी काढायची. दुसरा प्रकार म्हणजे पट्ट्याच्या करवतीची लहान गिरणी. ओंडका रुळांवर स्थिर राहतो आणि इंजिनासह करवत त्यावरून सरकते. चाके लावली की ती गाडीमागे ओढून नेता येते. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात अशा फिरत्या गिरण्या शेतकऱ्यांच्या आणि हौशी लोकांच्या हाती आल्या. आता त्या आपल्या देशातही विकत मिळतात.

दोन्हींत फरक काय, ते एका हिशेबात कळते. साखळीची करवत प्रत्येक कापाला साधारण तीन अष्टमांश इंच लाकडाचा भुसा करते. पट्ट्याची करवत दोन ते तीन मिलिमीटरच खाते. बारा इंच जाडीच्या चौकोनी ओंडक्यातून एक इंची फळ्या काढायच्या, तर साखळीने नऊ निघतात आणि पट्ट्याने दहा, कधी अकरा. पहिले यंत्र स्वस्त, पण लाकूड जास्त खाते. दुसरे महाग, पण लाकडाला जपते. हौस म्हटली की डोळा दुसऱ्यावर जातो. आमचाही गेला.

मग प्रश्न आला पैशाचा. बाजाराचे उत्तर तयार असते, हप्ते बांधा. आमच्या घरात व्याजाचा हप्ता येत नाही आणि हौसेसाठी तर नाहीच. म्हणून आम्ही दोघांनी एक डबा ठेवला. दर महिन्याला त्यात चार हजार. हिशेबाला सोपे जावे म्हणून यंत्र, पट्टे आणि वाहतूक मिळून दोन लाख धरले, तर पन्नास महिने, म्हणजे चार वर्षे दोन महिने लागतात. ऐकायला लांब वाटते. पण सुपारीचे रोप लावणारा माणूस पहिल्या पिकासाठी याहून जास्त थांबतो.

आमच्या मोहल्ल्यात असे डबे मोडू नयेत म्हणून लोक बिशी लावतात. दहा घरे, ठरलेली रक्कम, दर महिन्याला चिठ्ठी. ज्याची चिठ्ठी त्याला सगळी रक्कम आणि शेवटी प्रत्येकाने भरले तितकेच प्रत्येकाला मिळते. ही साधी बिशी म्हणजे एकमेकांना दिलेला बिनव्याजी हातभार. लिलावाची बिशी मात्र वेगळी. तिच्यात गरजू माणूस कमी रक्कम घेऊन भरतो जास्त आणि उरलेले बाकीचे वाटून घेतात. नाव बिशीचे असले तरी ओझे व्याजाचेच. त्या वाटेला आम्ही जात नाही.

साठवणीची आणखी एक बाजू आहे. ती बऱ्याच घरांत राहून जाते. यंत्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे अजून पैसेच आहेत. आपली एकूण शिल्लक निसाबाएवढी किंवा जास्त असेल आणि तिच्यावर चांद्र वर्ष गेले असेल, तर डब्यातल्या रकमेवरही अडीच टक्के जकात येते. डब्यात एक लाख असतील तर अडीच हजार. ‘हे तर कामासाठी ठेवले आहेत’ म्हटल्याने ती सुटत नाही. यंत्र घेतल्यावर मात्र ते आपले अवजार झाले. सुताराच्या रंध्यावर जकात नाही, तशी त्यावरही नाही. पण त्यातून काढलेल्या फळ्या विकायला मांडल्या, तर तो व्यापाराचा माल झाला आणि जकातीच्या हिशेबात आला. बारीकसारीक अट आपल्या मौलानांना विचारून घ्यावी. आम्ही तसेच करतो.

डब्याचा नियम घरातल्या बाईने घातला आणि तो पक्का आहे. फी, औषध, छपराची कौले आणि नात्यातल्या माणसाची अडचण, हे आधी. त्यांच्या वाट्याचा एक रुपयाही डब्यात यायचा नाही. त्यामुळे दोनदा डबा रिकामा झाला. एकदा पावसापूर्वी कौले फिरवायची होती आणि एकदा लेकीच्या बाळंतपणाला. वाईट वाटले नाही असे नाही. पण ज्या डब्यातून अडचणीच्या वेळी घरासाठी काही निघू शकत नाही, तो डबा घरात ठेवून करायचा काय?

रिकामा डबा पुन्हा भरताना विचार करायला वेळ मिळतो. त्या वेळात आम्ही एक हिशेब मांडला. ओंडक्याचे माप काढायची आपल्याकडची जुनी रीत सोपी आहे. घेर मोजायचा, त्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. घेर ४८ इंच म्हणजे चौथा भाग १२ इंच, एक फूट. लांबी आठ फूट असेल तर आठ घनफूट. खऱ्या गोल मापाने तोच ओंडका दहा घनफुटांच्या वर भरतो. साल आणि कडा वाया जातात, म्हणून रीतच कमी माप धरते. आता समजा, तालुक्याच्या गिरणीत चिराई आणि टेम्पोभाडे मिळून घनफुटाला शंभर रुपये पडतात. तर दोन लाखांत दोन हजार घनफूट लाकूड चिरून होते. म्हणजे असे अडीचशे ओंडके. आमच्या वाडीत आणि शेजारपाजारी मिळून वर्षाला दहा ओंडके पडले तरी पंचवीस वर्षे लागतील. इंधन आणि करवतीला धार लावणे वेगळेच.

हिशेब स्पष्ट आहे. हे यंत्र पैसे वाचवत नाही. जो ‘फायदा होईल’ म्हणून घ्यायला निघाला असेल, त्याने घेऊ नये. घ्यायचे तर हौस म्हणून घ्यावे आणि हौसेला हौस म्हणावे, म्हणजे घरात वाद होत नाहीत.

हिशेबाहून मोठी गोष्ट कायद्याची आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलांविषयी जो आदेश दिला, त्यात आरागिरण्याही आल्या. २००२ मध्ये न्यायालयाने केंद्रीय सक्षम समितीच्या परवानगीशिवाय नवी गिरणी उघडायला मनाई केली. २०१६ मध्ये केंद्राने लाकडावर चालणाऱ्या उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि निर्णय राज्यस्तरीय समित्यांकडे आला. शक्तीवर चालणाऱ्या यंत्राने गोल लाकूड चिरणे हा परवान्याचा विषय आहे. यंत्र लहान आहे, चाकावर आहे, घरच्या कामापुरते आहे, म्हणून ते आपोआप सुटते असे धरून चालू नये. विकणारा ‘काही लागत नाही’ म्हणाला तरी आपल्या तालुक्याच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे. पैसे त्यानंतरच मोजावेत.

झाडाचाही कायदा आहे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ ही आपल्या दारातली झाडे आहेत. ती आपल्या मालकीच्या जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वादळात झाड पडले तर फोटो काढावा, तलाठ्याला आणि वनखात्याला कळवावे आणि लाकूड हलवण्याआधी वाहतूक परवाना लागतो का ते विचारावे. हा त्रास वाटतो खरा. पण याच कायद्यामुळे आपल्या डोंगरांवर काही हिरवे उरले आहे, हेही विसरू नये.

मग तोवर हात बांधून बसायचे का? मुळीच नाही. यंत्रावाचून बरेच काम होते. आंब्याचे लाकूड पडले की थोड्याच दिवसांत बुरशी धरते आणि निळसर डाग पडतात, म्हणून ते आधी चिरून घ्यावे. फणस दम धरतो. त्याच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना रंग किंवा मेण लावावे, म्हणजे तडे कमी जातात. नारळाचे खोड बाहेरून कठीण आणि आत मऊ. त्याच्या कडेच्या फळ्या घ्याव्या आणि मधला भाग सोडावा. ते करवतीची धारही लवकर घालवते.

ओंडके परवानाधारक गिरणीत नेऊन चिरून आणावेत आणि खरे काम त्यापुढे सुरू होते. फळ्या जमिनीपासून वर, सावलीत, पण वारा लागेल अशा रचाव्यात. दोन थरांमध्ये दर दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात, एकाखाली एक. वर वजन द्यावे, नाहीतर फळीला पीळ पडतो. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, हा सुतारांचा ठोकताळा आहे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत घाई करणाऱ्याची फळी पहिल्या पावसात फुगते.

आमच्या पडवीत आज फणसाच्या अकरा फळ्या अशा पट्ट्यांवर आहेत. पहिल्या सुकलेल्या फळीतून नातवाने शेजारच्या सुतारमामांच्या देखरेखीखाली रिहल केली. एकाच फळीतून, खिळा किंवा डिंक न वापरता, बिजागरीसकट उघडणारी. तीन बिघडल्या, चौथी उघडली. दुसरीतून खोवणीचा पाट झाला. तो रोज वापरात आहे. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, हे हदीसमध्ये आले आहे, ते त्या पोराने मामांकडूनच ऐकले आणि त्याच्या हाताला जोर आला.

आता आमचा विचार असा आहे. आणखी चार घरांना अशीच हौस आहे. पाच घरांनी मिळून घ्यायचे ठरले तर दोन लाखांचे वाटे चाळीस-चाळीस हजार होतात आणि चार हजारांच्या हिशेबाने दहाच महिन्यांत डबा पुरतो. भागीदारी असली की लिहून ठेवायचे. कोणाचा किती वाटा, दुरुस्ती कोणाकडे, एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याचे पैसे कसे परत करायचे. भाऊबंद आहेत म्हणून कागद नको, असे म्हणणाऱ्या घरांतच पुढे बोलाचाली बंद झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. यंत्र चालवणारी माणसे दोनच, शिकलेली. चेनसॉच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की ती उसळून अंगावर येते, म्हणून चष्मा, कानावर आवरण, जाड बूट यांचा खर्च दोन लाखांतच धरायचा. मुले अंगणाबाहेर.

अर्ज वनखात्याच्या कार्यालयात दिला आहे. ‘हो’ आले तर पाच घरांची बैठक बसेल. ‘नाही’ आले तर डब्यातल्या पैशांतून चांगला रंधा, पटाशांचा संच आणि सुतारकामाचे एक भक्कम टेबल येईल आणि उरलेल्यांत वाडीच्या वाऱ्याच्या बाजूला फणसाची रोपे लागतील. त्या फळ्या आम्हाला मिळायच्या नाहीत. ज्यांनी आमच्यासाठी लावली, त्यांनाही मिळाल्या नव्हत्या.