पहिला पगार किती मागायचा?

लोणी, संगमनेर, कोपरगावच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी कित्येक हुशार मुलं मुलाखतीत एकाच प्रश्नाला अडखळतात : पगाराची अपेक्षा काय? ‘तुम्ही द्याल तो’ असं म्हणून मोकळी होतात. घरातला पहिलाच पगारदार असेल, तर आकडा त्याला सांगणार कोण? म्हणून हा अंक.

‘सीटीसी’मध्ये, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफचा वाटा, अनेकदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, हातात त्याहून कमी येतं. सुपा एमआयडीसीतला पगार आणि पुण्यातला पगार यांची तुलना खोलीभाडं, मेस, प्रवास वजा करूनच करावी, असं आम्हाला ठामपणे वाटतं. तुम्ही पहिल्या नोकरीत काय मागितलंत, काय मिळालं, जरूर कळवा. नाव छापणार नाही.