चिंध्यांचे गाव

मैत्रिणींनो, तुमच्याकडे बोहारीण येते का अजून? आमच्या गल्लीत येते. महिन्या-दीड महिन्याने, भर दुपारी, अगदी डोळा लागतो न लागतो तोच तिची आरोळी ऐकू येते. मग ओट्यावर घासाघीस सुरू! दोन पँटी, एक शर्ट आणि वर एखादी जरीची साडी दिली तर पातेले, नाहीतर चहाची गाळणी. मागच्या खेपेला तिने माझ्याकडचा एक जुना स्वेटर उलटसुलट करून पाहिला आणि "ताई, हा नको, हा आखडलाय" म्हणून परत केला.

त्या स्वेटरची गोष्ट मला आज सांगायची आहे. पण ती सांगायची तर आधी इटलीला जावे लागेल. घाबरू नका, मी स्वतः मुंबई-पुण्यापलीकडे फारशी कुठे गेलेली नाही. गेली आहे ती माझी भाची, आमच्या वन्संची मुलगी.

पोरगी कापडाचे शिक्षण घेते. कॉलेजातर्फे पाच महिने फ्लॉरेन्सला शिकायची संधी आली, तेव्हा घरात मोठेच महाभारत झाले. कर्ज काढायचे, एकटी मुलगी, परका देश! मी मध्ये पडले. म्हटले, "वन्सं, जाऊ द्या तिला. अशी वेळ पुन्हा येत नाही." माझा एम.ए.चा फॉर्म लग्नाच्या गडबडीत भरायचा राहिला तो राहिलाच, ते मनात असेल कदाचित. वन्सं म्हणाल्या, "तुझी मुलगी असती तर पाठवली असतीस?" मला दोन्ही मुलगेच. काय उत्तर देणार? भाची गेली, आणि वन्संचे माझ्याशी बोलणे 'हो' आणि 'नाही' यावर आले.

भाची मात्र मला सांगितल्याशिवाय राहत नाही. लिहायचा कंटाळा, म्हणून फोनवर बोलून पाठवते. मी भाजी निवडता निवडता ऐकते. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तिचा आवाज आला, "मामी, आज मी चिंध्यांच्या गावाला आलेय!"

हे गाव म्हणजे प्रातो. फ्लॉरेन्सहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते. गेली कित्येक शतके या गावाचा एकच उद्योग, लोकरीचे कापड. तिथे कापडाचे एक संग्रहालय आहे. ते १९७५ मध्ये सुरू झाले आणि २००३ पासून एका जुन्या कापड गिरणीच्या इमारतीत आहे. गिरणीचे उंच धुराडे अजून तसेच उभे आहे म्हणे. आपल्याकडे गिरण्या गेल्या आणि त्या जागी मॉल आले, तेव्हा मला जरा हेवाच वाटला.

पण प्रातोची खरी गंमत निराळीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे गाव जुन्या लोकरीच्या कपड्यांपासून नवे कापड करते. जगभरातून जुने कोट, स्वेटर, मफलर गठ्ठ्यांनी येतात. ते निवडणाऱ्या लोकांना तिथे 'चेंचायोली' म्हणतात. 'चेंचो' म्हणजे चिंधी, त्यावरून हे नाव. हा माणूस कपडा हातात घेतो, नुसता चोळून पाहतो आणि सांगतो, यात लोकर किती नि भेसळ किती. अगदी आपण धान्याच्या दुकानात तांदूळ तळहातावर घेऊन जुना की नवा ते सांगतो, तसेच!

मग बटणे, चेन, अस्तर काढायचे आणि रंगांप्रमाणे ढीग लावायचे. नुसते 'निळा' म्हणून चालत नाही. आकाशी वेगळा, गर्द निळा वेगळा. कारण या कापडाला पुन्हा रंग द्यायचाच नसतो. निळ्या चिंध्यांतून निळे सूत, तपकिरी चिंध्यांतून तपकिरी. रंग, पाणी, जळण सगळे वाचते.

आता प्रश्न असा, की लोकरीत सुती दोरा अडकलेला असतो, त्याचे काय? तर त्या चिंध्यांना आम्लाची वाफ देऊन तापवतात. सूत वनस्पतीचे, ते जळून त्याची भुकटी होते. लोकर प्राण्याची, तिला आम्ल फारसे बाधत नाही. झटकले की भुकटी पडून जाते आणि लोकर तेवढी उरते. मग चिंध्या फाडून, पिंजून पुन्हा सूत काततात. फाडताना धागे आखूड होतात, म्हणून जोडीला थोडी नवी लोकर किंवा नायलॉन घालावे लागते.

मैत्रिणींनो, हे ऐकून मला वाटले, आपण गोधडी शिवतो ती याहून वेगळी का आहे? आणि हा धंदा आपल्या देशातही आहे बरे का! पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ आठवते आणि पोटात गलबलते. पण आजचे पानिपत परदेशातून आलेल्या जुन्या लोकरीच्या कपड्यांपासून ब्लँकेटे करण्यासाठी जगात नावाजलेले आहे. हे मी शाळेत सातवीच्या वर्गाला सांगितले, तर एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे आपण ब्लँकेट म्हणून कुणाचातरी कोट पांघरतो?" मी म्हटले, "पांघरतोस की, ऊब लागते ना?"

दुपारी भाची प्रातोतल्याच एका जुन्या वाड्यात गेली. फ्रांचेस्को दातिनी नावाच्या व्यापाऱ्याचा हा वाडा. हा गृहस्थ वारला १४१० मध्ये. त्याने आपली संपत्ती गोरगरिबांसाठी ठेवली आणि कागदपत्रेही जपायला सांगितली. ती १८७० मध्ये पुन्हा उजेडात आली. जवळजवळ दीड लाख पत्रे! लोकर, कापड, मीठ, मसाले, सगळ्या व्यापाराचा त्यात हिशेब आहे. पण मला त्याच्यापेक्षा त्याची बायको आवडली.

तिचे नाव मार्गेरिता. लग्न १३७६ मध्ये झाले तेव्हा ती सोळा वर्षांची आणि नवरा चाळिशीचा. मूल झाले नाही. नवऱ्याला दुसरीकडून झालेली मुलगी तिने आपली म्हणून वाढवली. नवरा धंद्यासाठी सारखा फ्लॉरेन्सला नाहीतर पिसाला, आणि ही प्रातोत नोकरचाकर, पाहुणे, येणारा-जाणारा माल सांभाळत बसलेली. दोघांचा कारभार पत्रांवर. पीठ पाठवा, कपडे पाठवले, अमक्याचे पैसे आले का? मधूनच ती त्याला चांगले सुनावतेही. इतके काम करता, जिवाला स्वस्थता कशी ती नाही! आधी ही पत्रे ती दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. मनातले सगळे परक्या माणसाला सांगायचे म्हणजे केवढा संकोच! शेवटी तिशीनंतर ती स्वतः लिहायला-वाचायला नीट शिकली. तिची सुमारे अडीचशे पत्रे आज शिल्लक आहेत. भाची म्हणाली, "मामी, काचेपलीकडे पत्र पाहिलं नि तुझी आठवण झाली." का ते मी विचारले नाही. हातातली गवार मात्र बराच वेळ तशीच राहिली.

रविवारी ती फ्लॉरेन्समध्येच हिंडली. त्या शहराचे वैभव बरेचसे कापडावर उभे राहिले. तिथल्या भल्यामोठ्या चर्चच्या बांधकामाची जबाबदारी १३३१ पासून लोकरवाल्यांच्या संघाकडे होती. रेशीमवाल्यांच्या संघाने टाकलेल्या मुलांसाठी एक आश्रम बांधला. त्याचे काम १४१९ मध्ये सुरू झाले आणि पहिले मूल तिथे आले १४४५ मध्ये. तिथल्या मुलींना रेशमाचे, विणण्याचे काम शिकवत. आता त्या जागी संग्रहालय आहे, आणि आयांनी बाळाबरोबर ठेवलेल्या खुणा त्यात मांडल्या आहेत. अर्धे तोडलेले पदक, अर्धे नाणे. दुसरा अर्धा आईजवळ. पुढेमागे परत न्यायला आलीच तर ओळख पटावी म्हणून. हे सांगताना पोरीचा आवाज जरा चिरकला. मग म्हणाली, "आई बोलते का गं तुझ्याशी?"

एक गोष्ट तिने आईला सांगू नको म्हणून बजावले होते. पण ती तुम्हाला सांगायलाच हवी. प्रातोत आज हजारो चिनी कुटुंबे राहतात आणि त्यांतली कितीतरी माणसे स्वस्त कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबतात. १ डिसेंबर २०१३ च्या पहाटे अशाच एका कारखान्याला आग लागली आणि सात कामगार गेले. ते कारखान्यातच झोपत होते. 'इटलीत बनलेले' अशी चिठ्ठी पाहून आपण भारावतो. पण चिठ्ठी कुठलीही असो, अगदी स्वस्तातला कपडा मिळाला की मनाला एकदा तरी विचारावे, यात पैसे नेमके कुणाचे वाचले?

आता स्वेटरकडे येते. प्रातोत जुन्या काळी विणलेले लोकरी कापड गरम पाण्यात, साबणासारख्या मातीत घालून पाण्यावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी कुटून काढत. लोकरीच्या धाग्यावर माशासारखे बारीक खवले असतात. ऊन पाणी आणि घासणे मिळाले की ते एकमेकांत अडकतात, कापड आखडते, पण घट्ट आणि उबदार होते. वारा शिरत नाही, आणि कापले तरी कडेचे सूत सुटत नाही.

मी ऐकतच राहिले. कारण हेच तर मी केले होते! लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत सासूबाईंनी ह्यांच्यासाठी विणलेला स्वेटर मी कढत पाण्यात भिजवला आणि धोपाटण्याने बडवला. वाळल्यावर तो आठ वर्षांच्या पोराच्या मापाचा झाला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी तो घडी करून ट्रंकेत ठेवला. बोलल्या त्या वन्सं, आणि तेव्हापासून बोलतच होत्या. सासूबाई गेल्यावर तर तो विषय जास्तच हळवा झाला. मी तो बोहारणीला दाखवला तो रागाच्या भरात, हे आता कबूल करते.

मी धीर करून वन्संना घरी बोलावले. चहा झाला. मी काही न बोलता त्यांना भाचीचा आवाज ऐकवला, आगीची हकीगत तेवढी सोडून. मार्गेरिताची पत्रे, अर्धे नाणे, लाकडी हातोडे, सगळे त्यांनी डोळे मिटून ऐकले. शेवटी पोरगी म्हणत होती, "इथे बोटं अगदी गारठतात गं." वन्सं उठल्या. "आईचा स्वेटर कुठंय?" मी ट्रंक उघडली. त्यांनी तो हातात घेतला, त्या चेंचायोलीसारखा दोन बोटांत चोळून पाहिला. म्हणाल्या, "घट्ट झालाय खरा. कात्री आण."

वर्तमानपत्रावर माझा पंजा ठेवून माप काढले. "तिचा हात तुझ्याएवढाच आहे," म्हणाल्या. दोन तासांत हातमोजे तयार झाले. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चारी बोटे एकत्र, मनगटाशी सासूबाईंची मूळची वीण. पार्सलचा खर्च मोज्यांच्या किमतीहून जास्त आला, तो त्यांनी मला देऊ दिला नाही. जाताना म्हणाल्या, "पुन्हा तिचं बोलणं आलं की मला ऐकव." 'हो' आणि 'नाही'पेक्षा हे पुष्कळ झाले, नाही का?

आता थोडे आपल्या कामाचे.

लोकर खरी की नकली, हे पाहायचे असेल तर शिवणीतला एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि मोरीवर, मुले जवळ नसताना पेटवा. केस जळल्याचा वास येऊन बोटाने चुरडणारी राख झाली तर लोकर. कागद जळल्याचा वास आला तर सूत. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन-पॉलिएस्टरची जात.

लोकरीचे कपडे कोमट नव्हे, जवळजवळ गार पाण्यातच धुवा. घासू नका, पिळू नका. जुन्या पंचात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवे पसरून वाळवा. दोरीवर टांगले की ओघळतात.

थंडी संपली की न धुता ठेवू नका. कसर लागते ती घामाच्या, तेलकट डागांवर आधी. धुवून, कडकडीत वाळवून, सुती कापडात बांधून ठेवा. डांबराच्या गोळ्या घालायच्या तर पुरचुंडीत बांधून, कपड्याला न लागतील अशा, आणि मुलांच्या हाती पडणार नाहीत अशा ठेवा.

बोहारणीला देण्याआधी बटणे, चेन काढून घ्या. बटणे डब्यात पडू देत, उपयोगी पडतात. लोकरी, सुती आणि नायलॉनचे कपडे वेगळे बांधा. तिलाही पुढे विकताना बरे पडते.

आणि आखडलेला स्वेटर कधीही टाकू नका. हातमोजे, बुटात घालायचे तळ, गरम पाण्याच्या पिशवीचे कव्हर, काहीही कापा, टीप न घालताही कड सुटणार नाही.

तुमच्या ट्रंकेच्या तळाशी असे काही पडले आहे का? कुणाचे होते, कुणी बिघडवले? जरा बाहेर काढून पाहा, आणि मला जरूर कळवा.