सान्निध्याची मर्यादा

पनवेल तालुक्यातील नावडे हा भातखाचरांचा मुलूख आज तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीला भिडला असला, तरी कासाडी नदीकाठच्या पाणथळीत बगळे, शेकाटे आणि खंड्या अद्याप टिकून आहेत, आणि त्यांची छबी निकटून टिपावी ही हौशी छायाचित्रकारांची आकांक्षाही स्वाभाविकच आहे. परंतु सान्निध्य कोठे संपते आणि उपद्रव कोठे सुरू होतो, याची हद्द कायद्यानेच आखून दिली आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना बाधा आणणे हेही ‘शिकार’ या सदरातच जमा केले आहे. घरट्याआडची फांदी छाटून जो प्रकाशाची सोय करतो, त्याच्या हाती बंदूक नसली, तरी उघडी पडलेली पिले उन्हाच्या आणि कावळ्यांच्या स्वाधीन होतात. लांब पल्ल्याचे भिंग, अचल बैठक आणि पाखराने आपणहून जवळ यावे इतका धीर, हाच या कलेचा खरा दस्तूर. चरता पक्षी मान उंचावून थबकला किंवा टिटवी आक्रंदत डोक्यावर घिरट्या घालू लागली, की मुकाट्याने मागे सरावे. सबब, विणीच्या हंगामात घरट्याशी घेतलेली छायाचित्रे, ती कितीही देखणी असली, तरी या मासिकात स्वीकारली जाणार नाहीत.